‘असलं ऐकणाऱ्याचं डोकं ते किती चालणार?’

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक २८ वर्षांचे आहेत. मूळ गाव मराठवाड्यात, गेली काही वर्षं पुण्यात राहतात आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत डेटाचं काम करतात. लग्न ठरलं आहे. मुलगी पुण्याचीच, घर पेठेतलं. त्या घरात दोन पिढ्यांपासून गाणं ऐकलं जातं आणि डिसेंबरातला सवाई (पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव) म्हणजे घरचंच कार्य. पत्रलेखकांना लहानपणापासून भीमगीतं, कव्वाली, ढोलकीवरच्या लावण्या, बँजो पार्टी आणि हल्ली मराठी रॅप आवडतं. एका रविवारी जेवताना त्यांच्या गाडीतल्या गाण्यांवरून विषय निघाला आणि होणारे सासरे म्हणाले, ‘असलं ऐकणाऱ्याचं डोकं ते किती चालणार?’ सगळे हसले, तेही हसले. घाईघाईत ‘मला शास्त्रीयही आवडतं’ असं सांगून बसले. आता रागांची नावं पाठ करताहेत, पण ख्याल लावला की दहा मिनिटांत डोळा लागतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचा बुद्ध्यांक जास्त असतो, असं त्यांनी नेटवर वाचलं आहे. ते विचारतात: हे खरं आहे का? मला ते गाणं कळत नाही म्हणजे माझीच बुद्धी कमी का? सवाईचं बोलावणं आलंय, जाऊ का? आणि हळदीला बँजो लावायचा विषय काढू की गिळून टाकू?

नमस्कार.

तुम्ही नेटवर जे वाचलंत ते साफ खोटं नाही, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

या बोलबाल्याचं मूळ १९९३ सालच्या एका छोट्या प्रयोगात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटं ऐकवली आणि लगेच कागदाच्या घड्या, आकृत्या अशा प्रकारचे प्रश्न दिले. नुसतं शांत बसल्यानंतरच्या गुणांपेक्षा हे गुण बुद्ध्यांकाच्या मापात आठ-नऊने जास्त आले. हा फरक दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हेही त्याच टिपणात लिहिलेलं होतं. पण ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ एवढंच जगभर पसरलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची भेट देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. मूळ प्रयोगात एकही बाळ नव्हतं.

पुढे २०१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी जवळपास ४० अभ्यास, म्हणजे तीन हजारांच्या घरातली माणसं, एकत्र तपासली. मोझार्टचा म्हणून काही खास परिणाम हाती लागला नाही. ब्रिटनमधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी तर मोझार्टपेक्षा पॉप गाणी ऐकल्यावर कोडी जास्त चांगली सोडवली. कारण साधं आहे. आवडीचं काही कानावर पडलं की तरतरी येते आणि तरतरीत माणूस थोडा वेळ बरं काम करतो. त्या अर्थाने परीक्षेच्या आधी तुमच्यासाठी ढोलकी जास्त उपयोगी.

तुमची शंका मात्र वेगळी आहे. ऐकून हुशारी वाढते का, हे तुम्ही विचारत नाही. हुशार माणसं मुळात अमुकच ऐकतात का, हे विचारता. मोबाइलवरच्या लेखांत या दोन गोष्टींची सर्रास खिचडी होते.

या दुसऱ्या प्रश्नावर २००९ मध्ये एक तक्ता फार फिरला होता. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेच्या सरासरी गुणांशी तिथल्या मुलांचे फेसबुकवरचे आवडते कलाकार जोडले. वरच्या टोकाला बेथोव्हेन आला, खालच्या टोकाला एक रॅपर. तुम्ही डेटाचं काम करता, तेव्हा यातली गोम तुम्हाला लगेच दिसेल: आकडे कॉलेजांचे आहेत, माणसांचे नाहीत. उद्या कुणी पुण्याच्या एकेका भागाची दहावीची सरासरी काढून तिच्यापुढे तिथलं लाडकं गाणं लिहिलं, तर त्यातून घरभाडं, शाळेची फी आणि आईवडिलांचं शिक्षण कळेल. त्या भागातल्या एखाद्या मुलाच्या डोक्याबद्दल काहीच कळणार नाही.

व्यक्तींवर केलेले अभ्यासही आहेत. क्रोएशियातल्या ४६७ शाळकरी मुलांच्या पाहणीत बुद्धिमत्ता चाचणीतले गुण आणि शब्दांविना नुसत्या वाद्यसंगीताची आवड यांचा संबंध दिसला. (बँजो पार्टी हेही वाद्यसंगीतच आहे, हे सासऱ्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.) त्याच पाहणीत माणूस संगीत कशासाठी ऐकतो यालाही महत्त्व निघालं: कुणी त्याची रचना न्याहाळायला ऐकतो, कुणी मन हलकं करायला, कुणी कामाच्या मागे नुसतं चालू ठेवायला. टेक्सासमध्ये २००३ च्या सुमारास साडेतीन हजारांवर लोकांच्या आवडी तपासल्या, तेव्हा ‘चिंतनशील आणि गुंतागुंतीचं’ या गटात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या शेजारी जॅझ, ब्लूज आणि तिथलं लोकसंगीत येऊन बसलं. या गटाची आवड असणाऱ्यांत ठळक दिसला तो नव्या अनुभवांना दार उघडं ठेवण्याचा स्वभाव. त्या स्वभावाचं बुद्धिमत्तेशी थोडं नातं आहे. म्हणजे आवड आणि बुद्धी यांच्यात धागा सापडतो, पण फिका. समजा दोन गोष्टींचा सहसंबंध ०.२ आला, तर एकीतल्या चढउतारापैकी दुसरीवरून फक्त ४ टक्के कळतो. उरलेल्या ९६ टक्क्यांत घर, गाव, वय, मित्र, कानावर काय पडलं हे सगळं येतं. एवढ्या भांडवलावर जेवणाच्या टेबलाशी समोरच्याचं डोकं मोजता येत नाही.

उलट बाजूचे पुरावे फार कमी सांगितले जातात. विल्यम्स सिंड्रोम नावाच्या जनुकीय स्थितीत बौद्धिक विकास बहुधा मागे राहतो, पण यातल्या अनेकांना संगीताची जबर ओढ असते. दुसरीकडे अशी माणसं आहेत ज्यांचे कान आणि बुद्धी ठणठणीत असतात, इतर गोष्टींचा आनंदही मिळतो, पण कुठलंच संगीत ऐकून काही वाटत नाही. काहींना जन्मापासून सूर वरचा की खालचा हेच उमगत नाही, आणि तीही बाकी सगळ्या बाबतीत तुमच्याआमच्यासारखीच असतात.

आता त्या वाक्याकडे येऊ. तुम्ही ते बुद्धीवरचं शेरेबाजीचं वाक्य समजलात; मला ते घराण्याबद्दल वाटतं, आणि घराणं म्हणजे इथे किराणा-जयपूर ही गायकीची घराणी अभिप्रेत नाहीत. आपल्याकडे कुठल्या वस्तीतलं गाणं संस्कारी आणि कुठल्या वस्तीतलं थिल्लर, हे गाणं ऐकायच्या आधीच ठरलेलं असतं. हे शिक्के किती टिकाऊ असतात तेही बघा. १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. आज तीच पेटी सवाईच्या मंचावर गायकाच्या शेजारी असते. १९५२ मध्ये माहितीमंत्री झालेले बा. वि. केसकर हे पुण्याचेच. त्यांच्या काळात चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, लोकांनी रेडिओ सिलोन लावलं, आणि १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ज्या लावणीला एकेकाळी घरात नाव घ्यायची चोरी होती, तिचे कार्यक्रम बालगंधर्व रंगमंदिरात तिकीट लावून होतात. दरम्यान ऐकणाऱ्यांची डोकी होती तशीच होती.

तुमच्या सासऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. आयुष्यभर मन लावून ऐकलेली गोष्ट पुढच्या पिढीला नकोशी झाली की माणूस दुखावतो आणि टोमणा मारतो. त्यांचं प्रेम खरं असेल. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, एवढंच.

मग तुम्ही करायचं काय? सोंग चालू ठेवणं हा एक मार्ग, आणि तो पुण्यात टिकायचा नाही. ‘मला शास्त्रीय आवडतं’ या वाक्यामागून इथे दुसरा प्रश्न येतोच: ‘कुणाचं?’ आणि तिसरा: ‘त्यांचा मारवा ऐकलात का?’ तिथे पाठ केलेली नावं पुरत नाहीत. शिवाय लग्नानंतर पन्नास वर्षं हे निभवायचंय. दुसरा मार्ग अभ्यासांचे दाखले देऊन वाद घालण्याचा. वर मी इतके आकडे दिलेत ते तुमच्या मनातली भीती जावी म्हणून. पंगतीत ते काढू नका. तिथे बरोबर असण्याचा फायदा शून्य.

आधी होणाऱ्या बायकोशी बोला. पत्रात सगळ्यांचं हसणं आहे, तिचं वेगळं काही नाही, आणि मला तीच जागा रिकामी वाटली. तिला सरळ सांगा: ‘त्या दिवशी मला लागलं. मी आवडतं म्हणालो ते खरं नव्हतं. मला त्यातलं कळत नाही, कळून घ्यायची इच्छा मात्र आहे.’ यातलं शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. मग तिला तुमची दोन गाणी ऐकवा. तिला ती आवडायलाच हवीत असं नाही. ती ऐकताना शेवटपर्यंत थांबते का, काही विचारते का, एवढं बघा.

सासऱ्यांना तिच्यानंतर, एकटे असताना. ‘बाबा, मी त्या दिवशी उगाच मोठेपणा केला. मला यातलं फार कळत नाही. सवाईला तुमच्याबरोबर आलो तर काय ऐकायचं ते सांगाल का?’ (त्यांना जे म्हणत असाल ते म्हणा, काका म्हणा.) जाणकार श्रोत्याला असा प्रश्न विचारणारा माणूस दुर्मिळ असतो. ते तासभर बोलतील याची तयारी ठेवा. तोच टोमणा पुन्हा आला, तर न हसता, आवाज न चढवता ‘हे मला आवडलं नाही’ इतकंच म्हणा आणि पुढचं वाढायला सांगा.

आता झोपेबद्दल. तुम्ही बहुधा सगळ्यात अवघड टोकाकडून सुरुवात केलीत. मोठा ख्याल अनेकदा विलंबित, म्हणजे संथ, एकतालात असतो. त्याच्या मात्रा (तालाचे ठोके) बाराच, पण अतिविलंबित लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण ते एक मिनिट चालतं. मात्रांमधली जागा तबलजी बारीक बोलांनी भरतो, त्यामुळे नवख्या कानाला मोजणी धरताच येत नाही. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे माहीत नसताना ख्याल ऐकणं म्हणजे धावफलक न बघता कसोटी सामना बघणं, डोळा लागणारच. त्याचा डोक्याशी संबंध नाही, सरावाशी आहे. परिचयाने आवड वाढते हे रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं, आणि तुमच्या सासऱ्यांना हा परिचय पाळण्यापासून मिळाला आहे.

तुमची जमेची बाजू ढोलकी आहे. तुमच्या कानात आठ मात्रांचा केरवा मुरलेला आहे, त्यामुळे सोळा मात्रांचा त्रिताल तुम्हाला अनेक पेठकरांपेक्षा लवकर सापडेल. मोबाइलवर तबल्याचं कुठलंही ॲप घ्या, त्रिताल लावा, लय मिनिटाला १०० मात्रांच्या आसपास ठेवा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला हात नुसता बाजूला, तिला ‘खाली’ म्हणतात. मोजणी चुकली तर डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा) ऐका: नवव्या मात्रेनंतर त्याचा घुमार गप्प होतो, ‘तिं तिं ता ता’ असे कोरडे बोल येतात, आणि चौदाव्या मात्रेला घुमार परततो. तो परतला की तीन मात्रांत सम. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच करा, गाणं लावूच नका.

मग एक राग घ्या. भूप घ्या, कारण त्यात सा रे ग प ध एवढे पाचच स्वर आहेत, म आणि नी नाहीत. सुरुवात जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरच्या गाण्यांनी केलीत तर बरं. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्यांना राग तेवढ्यात उभा करावा लागे. फाफटपसारा नाही आणि झोपायला वेळही नाही. भूपासाठी त्यानंतर किशोरी आमोणकरांकडे जा, पण आधी त्रितालातली बंदिश ऐका, विलंबित नंतर. एकच ध्वनिमुद्रण पाच-सहा दिवस ऐका. बहुतेक लोक इथेच घसरतात: रोज नवा कलाकार, नवा राग लावतात, कशाचीच ओळख होत नाही, आणि ‘मला कळतच नाही’ म्हणून सोडून देतात. तिसऱ्या आठवड्यात शेजारी यमन ठेवा. भूपात नसलेले दोन स्वर, तीव्र म आणि नी, त्यात येतात. एक दिवस भूप, एक दिवस यमन असं ऐकलंत की फरक आपसूक कानात येतो, नावं घोकावी लागत नाहीत. विलंबिताला हात चौथ्या आठवड्यात घाला, तोही पंधरा मिनिटांपुरता. झोपताना अजिबात नको. संध्याकाळी जेवणाआधी, बसून, हातात फोन न घेता.

महिन्याने गोडी लागली तर उत्तमच. नाही लागली तर सोडून द्या. तुम्ही प्रामाणिकपणे ऐकलंत, विषय संपला.

सवाईला जरूर जा. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा उत्सव आहे, नवख्या माणसाला तिथे कुणी मज्जाव करत नाही. मात्र पहिल्याच वर्षी सगळे दिवस पदरात घेऊ नका. एक सत्र निवडा, शक्यतो ज्यात सतार, संतूर किंवा तबल्याचं एकलवादन आहे. सतार-संतूरवर ‘झाला’ (शेवटचा जलद भाग) सुरू झाला की लयीवर पोसलेल्या कानाला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. भारतीय बैठकीत तासन्‌तास बसायची सवय नसेल तर खुर्चीचं तिकीट घ्या. उठायचं असेल तर दोन कलाकारांच्या मध्ये, आलापीत नाही. दाद देण्याची घाई करू नका. आजूबाजूला डुलणाऱ्या सगळ्याच माना समेवर येत नाहीत, हे त्रिताल मोजायला लागलात की तुमच्या लक्षात येईल.

हळदीचा प्रश्न तुम्ही उगाच अवघड केलाय. हळद तुमच्या घरची असेल तर बँजो लावायचा की नाही हे तुमच्या घरच्यांनी ठरवायचं. मुलीकडच्यांना परवानगी मागू नका, वेळेत कळवा. मुहूर्ताला सनई-चौघडा, हळदीला बँजो, यात कुणाचंच काही जात नाही. तक्रार होते ती वेळेवरून आणि आवाजावरून. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे, म्हणून वाजवणं साडेसहा-सातला सुरू करून साडेनऊला आवरायचं ठरवा आणि तेच पार्टीला सुपारी देतानाच सांगा, ऐनवेळी नाही. गाण्यांची यादी आधी मागवून घ्या. दोन्हीकडची म्हातारी माणसं बसलेली असताना कुठली दोन गाणी नकोत, हे तुम्हालाही कळतंच.

जाता जाता, अशीच पत्रं आईबाबांकडूनही येतात, त्यांच्यासाठी थोडं. गर्भसंस्काराच्या सीडीने आईला बरं वाटत असेल तर खुशाल ऐकावी, पण त्याने बाळाची बुद्धी वाढते असा भक्कम पुरावा नाही. गाण्याच्या क्लासचंही तसंच. टोरंटोमध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००४) संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यांक वर्षभरात सरासरी ७ गुणांनी वाढला, इतरांचा ४.३ ने, फरक होता, पण लहान. २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा काटेकोर तुलना असलेल्या अभ्यासांत तो फरक जवळपास नाहीसा झाला. मुलाला पेटी, तबला, गाणं शिकवायचं तर ते यावं म्हणून शिकवा. गणितातले गुण वाढतील या आशेने घातलेली मुलं पहिल्या दोन परीक्षांनंतर क्लास सोडतात, आणि बऱ्याचदा गाणंही.

अभ्यास करताना रॅप लावणाऱ्या मुलांवर ‘डोकं बिघडेल’ म्हणून ओरडू नका, पण धडा वाचताना किंवा पाठांतर करताना शब्द असलेलं गाणं बंद ठेवायला सांगा. गाण्यातले शब्द आणि धड्यातले शब्द मेंदूत एकाच जागेसाठी भांडतात. हे रॅपला जेवढं लागू, तेवढंच अभंगालाही. वही सजवताना, आकृत्या रंगवताना काहीही चालेल. आणि आवाजाकडे लक्ष द्या: जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल, मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. हेडफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करायला सांगा.